शुश्रूषेच्या पुस्तिकेसाठी एआयची माणसं: तीन आठवडे वापरलेल्या एका सेवेबद्दल

दोन वर्षांपूर्वी एका बाईंचा मला फोन आला होता. "ताई, पुस्तिकेतला माझा तो फोटो आता काढाल का? मी आता तशी दिसत नाही." पक्षाघात झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी स्वतःहून फोटोला परवानगी दिली होती. उजवा हात तेव्हा उचलत नव्हता, म्हणून संमतिपत्रावर डाव्या हाताने सही केली होती. पुढे त्या बऱ्या झाल्या, चालू-बोलू लागल्या, आणि पुस्तिका मात्र त्यांच्या त्या वाकड्या झालेल्या चेहऱ्यासकट वाटली जात राहिली. पुढच्या आवृत्तीतून मी फोटो काढला. वाटून झालेल्या प्रतींचं मी काहीच करू शकले नाही. ती गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही.

मी आरोग्यशिक्षणाच्या पुस्तिका करते. डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट मजकूर देतात, मी तो घरच्या माणसाला कळेल अशा भाषेत लिहिते, चित्रं जमवते आणि पानांची मांडणी करते. सोळा वर्षं हेच काम आहे. आताची पुस्तिका अंथरुणाला खिळलेल्या माणसाची घरी काळजी कशी घ्यायची यावर आहे. तिला ३८ चित्रं हवी होती, आणि कुठल्याही रुग्णाचा चेहरा वापरायचा नाही हे मी कामाला हात घालण्याआधीच ठरवलं होतं. निव्वळ रेखाचित्रांवर भागत नाही, हा जुना अनुभव आहे. दोन माणसं एकमेकांना धरून असली की कुठला हात कुणाचा हे रेषांमध्ये कळत नाही, असं वाचणारे सांगतात. फोटोत ते लगेच कळतं.

म्हणून शब्दांतलं वर्णन दिलं की माणसाचा हुबेहूब फोटो बनवून देणाऱ्या एका ऑनलाइन सेवेचं महिन्याचं सदस्यत्व घेतलं. तिचं नाव इथे देत नाही, कारण याच धाटणीच्या आणखी दोन सेवांवर मी तीच वर्णनं टाकून पाहिली आणि अडचणी सारख्याच निघाल्या. तीन आठवड्यांत चारशेच्या वर चित्रं बनवली. त्यातून जे हाती लागलं ते लिहिते आहे.

आधी चेहऱ्यांबद्दल, कारण तिथे ही सेवा खरोखर थक्क करते.

पहिल्या संध्याकाळी मी लिहिलं: सत्तरीची स्त्री, सावळा वर्ण, पांढरे केस मागे बांधलेले, खिडकीशी बसलेली, सकाळचा उजेड डावीकडून, नजर थकलेली पण शांत. सहा सेकंदांत चार चित्रं समोर आली. तिसरं मी मोठं करून बराच वेळ पाहत बसले. कानाची पाळी वयामुळे लोंबलेली होती, टोचल्याचं भोक ओढून लांबट झालेलं होतं. वरच्या ओठावर उभ्या बारीक सुरकुत्या होत्या, आणि उजेड ज्या बाजूने येत होता त्या गालावरची लव दिसत होती. दोन्ही डोळ्यांत खिडकीची लहानशी चौकट उमटली होती, आणि दोन्हीकडे एकाच जागी.

ही शेवटची गोष्ट मी मुद्दाम पाहिली. २०१९ च्या फेब्रुवारीत 'धिस पर्सन डझ नॉट एग्झिस्ट' नावाचं संकेतस्थळ निघालं होतं. पान ताजं केलं की दरवेळी नवा, अस्तित्वात नसलेला चेहरा. त्यामागे एनव्हिडिया कंपनीचं स्टाइलगॅन नावाचं चेहरे बनवणारं मॉडेल होतं आणि ते ७०,००० चेहऱ्यांच्या फोटोंवर शिकलेलं होतं. त्याच्याही आधी, २०१४ साली, इयन गुडफेलो या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मूळ पद्धत मांडली होती: एक संगणकी जाळं (न्यूरल नेटवर्क) खोटी चित्रं बनवतं, दुसरं ती पकडायचा प्रयत्न करतं, आणि या झटापटीत पहिलं तरबेज होत जातं. त्या संकेतस्थळावर मी तेव्हा एक अख्खी संध्याकाळ घालवली होती. पडद्यावर एका डोळ्यावर बोट ठेवायचं आणि पान ताजं करायचं. नवा चेहरा यायचा आणि त्याचा डोळा बरोबर बोटाखाली असायचा. शिकवायला वापरलेले सगळे फोटो डोळे एका जागी आणून कापलेले होते, म्हणून. कानातली दोन बाजूंना दोन तऱ्हेची निघायची, मागची पार्श्वभूमी विरघळल्यासारखी दिसायची. दोन डोळ्यांतल्या लकाकीचा मेळ बऱ्याचदा बसायचा नाही.

आताच्या सेवांची पद्धत निराळी आहे. त्या निव्वळ ठिपक्यांच्या गोंधळापासून सुरुवात करतात आणि पायरी-पायरीने तो गोंधळ उपसत चित्र उघडं करतात. याला डिफ्यूजन म्हणतात. २०२० मधल्या ज्या शोधनिबंधाने ही पद्धत गाजली त्यात अशा १,००० पायऱ्या होत्या. पुढे त्या वीस-पन्नासवर आल्या, आणि २०२३ पासून एक ते चार पायऱ्यांत चित्र देणारी मॉडेलंही निघाली. एका मॉडेलने पुष्कळ पायऱ्यांत सावकाश केलेलं काम दुसऱ्या मॉडेलला मोजक्या पायऱ्यांत करायला शिकवायचं, अशी ती युक्ती आहे. मी वापरलेल्या सेवेत 'झटपट' आणि 'तपशीलवार' असे दोन पर्याय आहेत. झटपटमध्ये सहा-सात सेकंदांत चार चित्रं येतात, तपशीलवारमध्ये एकेका चित्राला अर्धा मिनिट लागतो.

वेगाची किंमत चेहऱ्यांवर दिसते. झटपटमधल्या चारही बायका एकमेकींच्या बहिणी वाटतात. त्वचा मेणासारखी गुळगुळीत, गालाची हाडं तीच, हनुवटी तीच. तपशीलवारमध्ये चार निराळी माणसं मिळतात. मला जमलेला मार्ग असा: चौकट, उजेड आणि बसण्याची ढब ठरवेपर्यंत झटपट वापरायचं, आवडलेलं चित्र उतरवून घ्यायचं आणि तेच आधाराला देऊन तपशीलवारमध्ये पुन्हा काढायचं. बदलाचं प्रमाण (० म्हणजे काहीच बदल नाही, १ म्हणजे सगळं नवं) ०.३ ते ०.४ च्या मधे ठेवलं की मांडणी टिकते आणि कातडीला जीव येतो. ०.६ च्या वर गेलं की माणूसच बदलतो. नुसता सीडचा आकडा (चित्राची सुरुवात ज्या ठिपक्यांच्या गोंधळातून होते तो ठरवणारा आकडा) एका पर्यायातून दुसऱ्यात नेऊन उपयोग होत नाही. त्यात मी पहिले दोन दिवस फुकट घालवले.

भाषेचंही सांगते. वर्णन मराठीत लिहिलं तर वय, जागा, कपडे कळत होते. पण 'कुशीवर', 'पालथी', 'उताणी' हे शब्द निसटत होते, आणि माझं सगळं काम त्याच शब्दांवर होतं. इंग्रजीत लिहिलं की फरक पडायचा. एवढं मोठं यंत्र आणि त्याला कूस कळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

आता मुख्य गोष्ट.

अंथरुणावरच्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर माकडहाड, टाचा, खुबा अशा जागी दाब बसून कातडी फाटते आणि जखमा होतात. पुस्तिकेतलं सगळ्यात महत्त्वाचं चित्र हेच. वळवण्याची रीत ठरलेली आहे. पलीकडचा गुडघा उभा करायचा, एक तळहात पलीकडच्या खांद्याच्या पात्यामागे, दुसरा खुब्यामागे, आणि माणसाला आपल्याकडे लोळवत आणायचं. पक्षाघाताचा रुग्ण असेल तर लुळ्या हाताला आधार द्यायचा, तो हात धरून ओढायचं कधीच नाही.

मी हे सगळं लिहिलं. आलेल्या चित्रांतलं एक इतकं सुंदर होतं की मी ते तिथेच निवडलं. पलंगावर साठीचा माणूस, शेजारी त्याची मुलगी वाटावी अशी बाई, तिच्या चेहऱ्यावर अशी माया की पाहणाऱ्याला धीर यावा. पान लावून मी आमच्या फिजिओथेरपिस्ट ताईंना पाठवलं. दहा मिनिटांत त्यांचा फोन.

"हा फोटो कुणी पास केला?"

"मी. का हो ताई?"

"तिचा हात बघितलास? दंड धरून ओढतेय ती त्याला. पक्षाघातानंतर खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडलेले असतात, हाड खोबणीत नुसतं लटकत असतं. या चित्राप्रमाणे घरी कुणी ओढलं ना, तर खांदा निसटेल त्याचा."

मी चित्र पुन्हा उघडलं. दंडच धरलेला होता. माझ्या डोळ्यांसमोर तो तासभर होता आणि मला दिसला नव्हता, कारण मी चेहरा पाहत होते. सोळा वर्षं हेच काम करणाऱ्या माझी ही गत, तर आईला किंवा नवऱ्याला पहिल्यांदाच वळवायला निघालेल्या माणसाची काय होईल? सोफी नाइटिंगेल आणि हनी फरीद या संशोधकांचा २०२२ चा अभ्यास मी नंतर वाचला. लोकांना खरे आणि बनवलेले चेहरे ओळखायला दिले, तर बरोबर उत्तरं ४८ टक्के आली, म्हणजे नाणं उडवल्याइतकीच. शिवाय बनवलेले चेहरे त्यांना खऱ्यांपेक्षा किंचित जास्त विश्वासू वाटले. माझ्या पानावर तो विश्वास चुकीच्या हाताच्या पाठीशी उभा राहिला असता.

त्यानंतर त्या एका हालचालीसाठी मी ६१ चित्रं बनवली. बोटं आता नीट येतात, सहा बोटांचे दिवस गेले. पण हात काम करत नाहीत. काळजी घेणारीचा तळहात रुग्णाच्या अंगावर नुसता टेकलेला असतो, काही ठिकाणी तर अंगठ्याखाली फट दिसते. ती बाई सरळ उभी असते; गुडघा वाकलेला नाही, पाय पुढेमागे नाहीत, खांद्यावर ताण नाही. रुग्णाचं अंग गादीवर ठेवलेलं असतं, पण गादी दबलेली नसते. चादरीला सुरकुत्या असतात, पण त्या अंगाच्या वजनाने जिकडे ओढल्या जायला हव्यात तिकडे जात नाहीत. 'तळहात खांद्याच्या पात्याखाली' असं लिहिलं की मनगट पाठीआड नाहीसं होतं आणि कोपर भलत्याच कोनातून बाहेर येतं. एकदा रुग्णाच्या कुशीतून तिसरा हात निघाला. आणि वळवायचं काम चालू असताना दोघंही कॅमेऱ्याकडे पाहून हसत होते, हे तर निम्म्या चित्रांत.

माझी समजूत अशी की यात यंत्राचा एकट्याचा दोष नाही. ज्या कोट्यवधी फोटोंवर ते शिकलं त्यांच्या खाली 'परिचारिका रुग्णाला मदत करताना' एवढंच लिहिलेलं असतं, आणि तसे फोटो जाहिरातींसाठी काढलेले असतात. त्यातली परिचारिकाही कुणाला उचलत नसते. कुठला तळहात कुठल्या हाडाखाली गेला हे फोटोखाली कुणी कशाला लिहील?

तोडगा दुसऱ्या आठवड्यात सापडला, आणि या सेवेत पैसे घालण्याचं खरं कारण माझ्या मते तेच आहे. हिच्यात 'ढब द्या' असा पर्याय आहे. आपण एक फोटो द्यायचा; सेवा त्यातून अंगाचा सांगाडा काढते (डोकं, खांदे, कोपर, मनगट, खुबे, गुडघे, घोटे असे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा) आणि नवं माणूस त्याच सांगाड्यावर बसवते. ही पद्धत कंट्रोलनेट नावाने २०२३ मध्ये आली. हाताच्या पंजासाठी वेगळे २१ ठिपके घेता येतात. ते घेतल्याशिवाय माझं काम होत नव्हतं.

मग आम्ही ढब स्वतःच दिली. माझा भाचा पलंगावर आडवा झाला, ताई त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या, आणि त्यांनी त्याला खरोखर वळवलं. मी फोनवर फोटो घेतले. ताईंनी पहिल्याच वेळी सांगितलं होतं, "नाटक करू नकोस, अंग सैल सोड, नाहीतर माझ्या हातावर वजन येणार नाही आणि फोटोत खोटं दिसेल." त्याने अंग सोडलं. ताईंच्या मनगटाची शीर ताठ झाली, त्यांचा पुढचा गुडघा पलंगाच्या कडेला टेकला, चादर त्यांच्याकडे ओढली गेली आणि तिला तिरप्या चुण्या पडल्या. त्या फोटोंवरून केलेल्या सात चित्रांपैकी पाच कामाची निघाली. चेहरे बनवलेले, पण वजन खरं.

याहून सरस निघाला तो आणखी साधा मार्ग: फोटो तसाच ठेवायचा आणि फक्त चेहऱ्यावर ब्रश फिरवून तेवढाच भाग नव्याने बनवून घ्यायचा. हात, चादर, गादी यांना यंत्र शिवतच नाही. ब्रश मानेपर्यंत आणला तर सांधा दिसत नाही. जबड्याच्या रेषेवर थांबवला तर चेहऱ्याचा आणि मानेचा रंग वेगळा पडतो. वीस-पंचवीस सेकंदांत माझा बावीस वर्षांचा भाचा सत्तरीचा आजोबा झाला. त्याचे हात मात्र तरुण राहिले, म्हणून ते चित्र बाद करावं लागलं. मग ओळखीतल्या एका पासष्टीच्या काकांना विनंती केली. फोटोत त्यांचा चेहरा येणार नाही हे कळल्यावर ते आनंदाने आले. निरोगी माणसाने, स्वतःच्या राजीखुशीने, अंग द्यायचं आणि चेहरा यंत्राने बदलायचा: मला हवं होतं ते हेच होतं. वर सांगितलेल्या बाईंच्या वेळी हे हाताशी असतं तर!

आजारपण दाखवायला सांगितलं की मात्र ही सेवा कच खाते. पक्षाघाताची लक्षणं ओळखा, या पानासाठी एका बाजूला ओघळलेला चेहरा हवा होता. यातली खूण बारीक असते. ओठाचा एक कोपरा खाली येतो, नाकापासून ओठाकडे जाणारी घडी त्या बाजूला पुसट होते, पण कपाळाला आठ्या बहुधा दोन्हीकडे घालता येतात. सेवेने मला पंचवीस-तीस चित्रं दिली. अर्ध्याअधिक चित्रांत माणूस एका गालात खट्याळ हसत होता. काहींत अख्खा चेहरा विद्रूप केलेला, भीती वाटावी असा, आणि ते मला फार लागलं. पक्षाघात झालेली माणसं अशी दिसत नाहीत. उरलेल्या चित्रांत चेहरा अगदी समान, देखणा. मधलं काही मिळालंच नाही.

म्हातारपणाचंही तसंच. महिनाभर अंथरुणावर असलेल्या माणसाचे केस उशीला घासून मागे चपटे झालेले असतात, ओठ सुकलेले असतात, दाढीचे खुंट असतात. सेवेचे रुग्ण आत्ताच केस विंचरून आडवे झाल्यासारखे. बोळकं मागितलं तर तोंड मिटून घेतात. उघडायला लावलं तर आत पांढरी शुभ्र बत्तिशी. नाकातून पोटात जाणारी नळी मागितली, तर ती गालाला चिकटवलेली पट्टी होती आणि नाकपुडीत शिरतच नव्हती. एका चित्रात शिरली आणि ओठांतून बाहेर आली. नळीचं चित्र शिकवण्यासाठी असतं, तिथे एक सेंटीमीटरची चूकही चालणार नाही. ती पाने मी रेखाचित्रांना दिली.

तेच माणूस वेगवेगळ्या चित्रांत हवं असेल तर काम चालतं, पण डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. संदर्भ म्हणून एक चेहरा दिला की बारापैकी आठ-नऊ चित्रांत तो टिकतो. बाकीच्यांत वय पाच-दहा वर्षं इकडेतिकडे होतं, किंवा उजव्या गालावरचा तीळ डावीकडे जातो.

गर्दीच्या चित्रात मागचे चेहरे लिबलिबीत होतात, त्याचं कारण समजून घेतलं तर उपायही सुचतो. अशा बऱ्याच मॉडेलांत चित्र आठपट आकसलेल्या रूपात बनतं. १०२४ बिंदूंच्या चित्राला आत १२८ चौकोनांची जाळी असते. दूरचा चेहरा ६४ बिंदूंचा असेल तर त्याच्या वाट्याला ८ बाय ८ चौकोन येतात. तेवढ्यात डोळे, नाक, ओठ बसवायचे कसे? म्हणून तो भाग वेगळा कापून, मोठा करून, पुन्हा बनवून घ्यावा लागतो. तसं एक बटण सेवेत आहे आणि ते चांगलं चालतं. छपाईवाल्यांसाठी एक सूचना: १०२४ बिंदू ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० बिंदू) जेमतेम पावणेनऊ सेंटीमीटर भरतात. पान भरायचं असेल तर आकार वाढवून घ्यावाच लागेल, आणि चारपटीच्या वाढीत कातडीवर कापडासारखी वीण उमटते. मी दुपटीवर थांबले.

एका गोष्टीबद्दल माझी तक्रार आहे, आणि ती मी सेवेला लिहूनही कळवली आहे. दुसऱ्याच्या चेहऱ्याचा फोटो तिच्यावर चढवताना ही सेवा फक्त एका चौकोनात बरोबरची खूण करायला लावते: 'या व्यक्तीची परवानगी माझ्याकडे आहे.' खूण केली की झालं. नेमकं काय होतं हे पाहायला मी स्वतःचाच फोटो दिला आणि रुग्णालयातली खाट मागितली. नऊ सेकंदांत मी आजारी होते. डोळ्यांखाली काळं, हाताला सलाईन, कपाळावरचा तीळ जागच्या जागी. आई तेव्हा शेजारीच बसलेली होती. तिने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "हे आधी पुसून टाक." तिचा आवाज कापत होता. मी लगेच पुसलं. पण हेच कुणीही कुणाचंही करू शकतं, याहून वाईटही करू शकतं, आणि मधे फक्त ती एक खूण उभी आहे. ज्यांना इतके जिवंत डोळे बनवता येतात त्यांना याहून भक्कम दार नक्कीच बनवता येईल.

उतरवलेल्या फाइलीत 'हे एआयने बनवलं' अशी नोंद असते, हे चांगलं आहे. त्यासाठी सीटूपीए नावाचं मानक २०२१ पासून अनेक मोठ्या कंपन्या मिळून घडवत आहेत. पण पडद्याचा स्क्रीनशॉट घेतला की ती नोंद जाते, आणि कागदावर छापल्यावर तर प्रश्नच मिटला. म्हणून आमच्या पुस्तिकेत एआय वापरलेल्या प्रत्येक चित्राखाली लहान अक्षरांत ओळ आहे. पूर्ण बनवलेल्या चित्राखाली 'ही व्यक्ती अस्तित्वात नाही, चित्र एआयने बनवलेलं आहे' अशी, आणि नुसता चेहरा बदललेल्या चित्राखाली 'हालचाल खरी, चेहरा बनवलेला' अशी. संपादकांना वाटलं वाचणारे गोंधळतील. मी हटले नाही.

हिशेब असा लागला: ३८ पैकी ११ चित्रं पूर्ण बनवलेली, खिडकीशी बसलेली आजी, गप्पा मारणारे दोघं, झोपलेला माणूस, जिथे कुणी कुणाला उचलत नाही अशी. त्यातली ती पहिल्या संध्याकाळची आजी मुखपृष्ठावर आहे. १९ चित्रांत खरी हालचाल आणि बनवलेला चेहरा. ६ रेखाचित्रं, नळीची आणि ओघळलेल्या चेहऱ्याची. २ नुसत्या हातांचे साधे फोटो. एरवी एवढ्या चित्रांना मला दोन-अडीच महिने लागतात, या वेळी तीन आठवडे लागले. सदस्यत्व मी आता थांबवलं आहे, पुढची पुस्तिका आली की पुन्हा घेईन. ज्यांना जाहिरातीला, माहितीपत्रकाला, लेखाच्या डोक्यावर टाकायला चेहरा हवा आहे त्यांनी ही सेवा डोळे मिटून घ्यावी. ज्यांचं चित्र पाहून कुणीतरी तसं करणार आहे त्यांनी आधी माणसं उभी करावीत, मग सेवा उघडावी.

छपाईला देण्याआधी ताई सगळी पानं घेऊन बसल्या. त्यांनी कागदाची एक पट्टी कापली होती. प्रत्येक चित्रावर ती पट्टी ठेवून आधी चेहरे झाकायच्या आणि मग हात पाहायच्या. दोन चित्रं परत आली. एकात अंगठा काखेत रुतत होता, दुसऱ्यात टाच गादीवर घासत होती. काकांना पुन्हा बोलावलं आणि त्याच संध्याकाळी दोन्ही नव्याने काढली.